‘सोडा’ म्हणायचं राहिलं

आमच्या एक्स-रे खात्यात शिरलं की डाव्या भिंतीवर एक व्ह्यू बॉक्स आहे. दुधी काचेची पेटी, आतून दिवा. तिच्यावर फिल्म अडकवली की हाडं उजळतात. हल्ली सगळे फोटो संगणकावर बघतात, त्यामुळे या पेटीला काही काम उरलेलं नाही. पण तिच्यावर एक छातीचा फोटो बावीस वर्षं लटकतो आहे आणि तो काढायचं कुणाच्या मनात येत नाही. कारण तो फोटो आदर्श आहे.

नव्या विद्यार्थिनी आल्या की पहिल्या आठवड्यात त्यांना तिथे उभं करतात. “मोजा बरगड्या.” मुली बोट लावून मोजतात. दहा. म्हणजे पेशंटनं श्वास पुरता भरून घेतला होता. “कडा बघा. कुठे पुसट?” कुठेच नाही. म्हणजे पेशंट केसाएवढाही हलला नव्हता. “असा फोटो आला पाहिजे,” असं सांगून त्यांना चहाला सोडतात.

नावाची पट्टी कापलेली आहे. तो फोटो कुणाचा, हे आता खात्यात फक्त मला माहीत आहे. काढला मीच.

छातीच्या फोटोला तीन शब्द लागतात. घ्या, धरा, सोडा. मशीन वगैरे नंतरचं. ते कुणालाही चालवता येईल. पेशंट उघड्या छातीनं थंड पत्र्याला मिठी मारून उभा असतो, हनुवटी वर, आपल्याकडे पाठ. त्याला आपण दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्या आवाजावर तो श्वास घेतो, धरतो आणि सोड म्हटलं की सोडतो. इतकं मुकाट्यानं तर घरचं माणूसही आपलं ऐकत नाही.

मी तेव्हा सव्वीसची होते. हाताला वेग होता आणि वेगाचा भारी तोरा होता. बाहेर बाकावर रांग, आणि तासाला जास्त छात्या कोण काढतं यावर आम्हा तिघींची चढाओढ. त्या रांगेतून एक काका आले. मागून त्यांची बायको, ती दारापर्यंत.

“शर्ट काढा, काका. साखळी, चष्मा काही असेल तर तेही.”

त्यांनी शर्ट काढून बायकोच्या हातात दिला, चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “पोटाकडे बघू नका हं. चिठ्ठीवर फक्त छाती लिहिलीय.”

मी हसले. बायको म्हणाली, “आत तरी जरा गप्प बसा.” आणि दार लोटलं गेलं.

खोलीत एसी असा असायचा की मी बाराही महिने स्वेटर घालायचे. काकांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांचे हात धरून स्टँडभोवती ठेवले, तर तळवे गार आणि ओले. एक हात सोडवून त्यांनी जबडा चोळला, दाढ दुखत असल्यासारखा. हे सगळं मला दिसलं. दिसलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. दिसलं, आणि मी काय केलं, तर कापसाचा बोळा घेऊन त्यांचं कपाळ पुसलं. कारण हनुवटी फिल्मच्या कॅसेटवर टेकते, घामाचे थेंब तिच्यावर पडले असते.

“ताई,” ते म्हणाले, “जरा बसू का?”

“एकच मिनिट, काका. झालंच.”

आडोशामागे जाऊन मी म्हटलं, घ्या. धरा. बटण दाबलं. आणि फोन वाजला. वॉर्डातून कुणीतरी कालची फिल्म सापडत नाही म्हणून माझ्यावर ओरडत होतं, मी उलट ओरडत होते. अर्धं मिनिट, फार तर पाऊण. फोन ठेवून वळले तर काका तसेच. स्टँडला मिठी, हनुवटी वर, पाठ ताठ. मला आठवतंय मी काय विचार केला ते. मी विचार केला, किती शहाणा पेशंट आहे हा.

मग त्यांचे गुडघे हळूच वाकले.

पुढचं सगळं झालं तसं झालं. धावाधाव, छाती दाबणं, डॉक्टर, नळ्या. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मोठा झटका होता, म्हणाले, तुझा काही दोष नाही. श्वास धरल्यानं कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण घाम पुसण्याऐवजी त्यांना आडवं केलं असतं आणि हाक मारली असती तर, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

काकांची बायको बाकावर बसली होती. मांडीवर शर्ट, नीट घडी घातलेला. डॉक्टर सांगून गेल्यावर ती बराच वेळ शर्टाच्या बटणांशी चाळा करत राहिली. मग मला विचारलं, “काही म्हणाले का हो?”

मी म्हटलं, “नाही. एकदम झालं. काहीच म्हणाले नाहीत.”

तिनं माझ्याकडे वर पाहिलं. “असं कसं?” ती म्हणाली. “ते न बोलता जाणारे नव्हते.”

संध्याकाळी डार्करूमवाल्यानं दिवसभराच्या फिल्म धुऊन वाळत लावल्या. त्यात ती होती. तेव्हाचे आमचे साहेब एकेक बघत आले आणि तिच्यापाशी थांबले. “वा! कुणी काढला हा? याला म्हणतात फोटो.” त्यांनी कात्रीनं नावाची पट्टी कापली आणि स्वतःच्या हातानं फोटो पेटीवर लावला. साहेब आता वारले. फोटो आहे.

म्हणजे बघा, बावीस वर्षं तो माणूस त्या भिंतीवर श्वास धरून उभा आहे. त्याला कुणी ‘सोडा’ म्हटलेलंच नाही.

घरी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण लपलंय असंही नाही. मुलगी लहानपणी अंघोळीच्या टबात तोंड बुडवून आकडे मोजायची. सातवर पोचली की मी तिला केसांना धरून वर काढायचे. शेजारच्यांना वाटायचं, पोरीला मारते. नवरा घोरतो. घोरणाऱ्या माणसाच्या घोरण्यात मध्येच एक खड्डा येतो ना, आवाज थांबतो आणि पुढचा येतच नाही, तेव्हा मी झोपेतच म्हणते, “सोडा.” नवरा दचकून सोडतो. सकाळी चहा पिताना म्हणतो, “हिच्या घरात माणसाला धड मरताही यायचं नाही.” सासूबाई म्हणतात, “वाईट काय आहे त्यात?”

पुढे माझी बदली सीटीवर झाली. मोठं गोल मशीन, त्यात सरकणारं टेबल, आपण काचेपलीकडे. पेशंटशी बोलायला माईक, त्याचं ऐकायला स्पीकर. नव्या मशीनमध्ये घ्या-धरा-सोडा आधीच भरून ठेवलेलं येतं, एका गोड आवाजाच्या बाईचं. मी तिला पहिल्याच दिवशी बंद केलं. ती बाई फोनवर भांडायला जात नाही हे खरं. पण पेशंटनं श्वास सोडला का, हे ती ऐकतही नाही. मी ऐकते. प्रत्येक वेळी ‘सोडा’ म्हणते आणि स्पीकरमधून ‘हुश्श’ ऐकू आल्याशिवाय हात पुढे नेत नाही.

खरं सांगायचं तर स्पीकरमध्ये आणखीही काही असतं. दुपारी पेशंट नसतात, खोली रिकामी असते, तेव्हा मी कधी कधी स्पीकर चालू ठेवून बसते. रिकाम्या खोलीला एक आवाज असतो, एसीचा, पंख्याचा, वायरींच्या गुणगुणण्याचा. त्या आवाजाच्या खाली एक शांतता असते. ती रिकाम्या खोलीची नसते. कुणीतरी आत आहे आणि आवाज होऊ देत नाही, अशी असते. मी काचेतून बघते. टेबल असतं, उशी असते, बाकी कुणी नसतं.

असं कान लावून बसणाऱ्या बाईचं जे व्हायचं तेच झालं. आमच्याकडे भिंतीवर लाल बटण आहे. पेशंट कोसळला की ते दाबायचं, मग वरून भूलतज्ज्ञ, दोन डॉक्टर आणि औषधांची गाडी पळत येते. दीड वर्षात मी ते चार वेळा दाबलं. पहिल्या वेळी पेशंट गाढ झोपला होता. दुसऱ्या वेळी बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती आणि मध्ये बोलायचं नाही असा तिचा नेम होता. तिसरा बहिरा निघाला. चौथ्या वेळी तर पळत आलेल्यांपैकीच एक डॉक्टर पाय घसरून पडला आणि त्याच्याच पायाचा एक्स-रे काढावा लागला.

त्यानंतर खात्याच्या डॉक्टरांनी, म्हणजे आताच्या मोठ्या मॅडमनी, मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमच्या हाताला तोड नाही, हे मी सगळीकडे सांगते,” त्या म्हणाल्या. “पण ती माणसं आता तुमचं बटण वाजलं की चालत येतात. एखाद्या दिवशी खरंच कुणी कोसळेल आणि ती चालत येतील. कळतंय ना? पाचव्यांदा असं झालं तर मी तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवीन. तिथे कुणी श्वास घेत नाही, तुम्हालाही स्वस्थता मिळेल.”

रेकॉर्ड रूम तळघरात आहे. जुन्या फिल्म्सची हजारो पाकिटं, फळ्यांवर उभी, एकमेकांना चिकटून. सगळ्यांनी श्वास धरलेला. मला तिथे पाठवणार होत्या, मला.

मग ती बोलकी बाई आली.

मंगळवार होता, सकाळी अकराच्या सुमाराला. चाळिशीची, पोटात दुखतं म्हणून पोटाचा सीटी, नसेतून औषध देऊन. त्या औषधाला आम्ही डाय म्हणतो. त्यानं आतले अवयव फोटोत उठून दिसतात. तिच्या हाताला सुई आधीच लावलेली होती. नवरा बरोबर होता, गोगलगाईसारखा मवाळ. तिनं कानातलं काढलं, गळ्यातली चेन, अंगठी, केसांच्या चार पिना, आणि एकेक त्याच्या तळहातावर ठेवत गेली.

“हरवू नका. गेल्या वेळी पिन हरवली होती.”

“ती घरी सापडली,” नवरा म्हणाला.

“सापडली, पण हरवली होती ना?”

नवरा मूठ मिटून बाकावर बसला. त्याच बाकावर. बाक बदलत नाहीत आमच्याकडे.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दमा? नाही. कशाची अ‍ॅलर्जी? “सासरच्यांची,” ती म्हणाली. आधी कधी डाय घेतलंय? नाही. टेबलावर झोपवून मी सांगितलं, “औषध गेलं की अंग गरम वाटेल. आणि लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही, नुसतं वाटतं.”

“आणि झाली तर?”

“तर मावशी आहेत.”

मावशी म्हणजे आमच्या साफसफाईच्या. तेवीस वर्षं या इस्पितळात आहेत, माझ्याआधीपासून, पण आमच्या खात्यात नंतर आल्या. त्या फडकं हातात घेऊन म्हणाल्या, “करा बिनधास्त. मी मोठमोठ्यांची पुसलीय.”

मी काचेमागे आले. औषध गेलं. स्पीकरमधून, “अगंबाई! ताई, खरंच झाली की काय!” मग मोठ्यानं हसू. मी म्हटलं, “आता हसायचं नाही. श्वास घ्या. धरा.” टेबल आत सरकलं. “सोडा.” हुश्श. छान, भरपूर हुश्श.

फोटोंचा दुसरा फेरा एका मिनिटानं असतो. मी पडद्यावर वेळ मोजत होते. स्पीकरमधून एक शिंक आली.

एसीत शिंकतात लोक. मी काही लिहून घेत होते ते थांबवलं, एवढंच. मग तिनं घसा खाकरला. मग परत. काचेतून दिसलं, ती डाव्या हाताचा तळवा चादरीवर घासत होती, सावकाश, भांडं घासावं तसा.

“कसं वाटतंय?” मी माईकवर विचारलं.

“बरंय.”

एवढंच. ज्या बाईनं एका पिनेवर चार वाक्यं केली, ती ‘बरंय’ एवढंच म्हणाली. आणि आवाज तिचा नव्हता. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा जाड होता.

माझी नजर लाल बटणावर गेली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं मी कुठे बघतेय ते.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “एकदा आत जाऊन बघा आधी. उगाच मोठ्या मॅडम...”

बरोबर होतं त्यांचं. मी थांबले. किती, ते सांगता येत नाही, शिंकेइतकं. आणि त्या थांबण्यात स्पीकरमधून ती शांतता आली. एसीच्या खालची. आजवर मी तिला रिकाम्या खोलीत ऐकत होते. या वेळी खोलीत माणूस होतं.

मी बटण दाबलं, मशीन थांबवलं आणि आत धावले. “सिस्टरना हाक मारा,” असं मावशींना ओरडून सांगितलं.

तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते, गांधीलमाशी चावावी तसे, आणि बघता बघता छातीकडे उतरत होते. ओठ सुजत होते. कपाळावर घाम. मी हात धरला. तळवा गार आणि ओला, नाडी बोटाखाली दोऱ्याइतकी बारीक आणि धावत सुटलेली. तिनं माझं मनगट पकडलं.

“ताई,” ती म्हणाली, “जरा उठून बसू का?”

मला माहीत होतं हे वाक्य येणार. एखाद्या दिवशी कुणीतरी मला हे परत विचारणार आणि तेव्हा मी म्हणणार, बसा, काका, बसा ना, घाई कसलीये. किती वेळा म्हटलंय मी ते, भाजी चिरताना, रिक्षात, देवासमोर. माझा हात आपोआप तिच्या पाठीखाली गेला. तिचा खांदा टेबलावरून उचललाही गेला, दोन बोटं.

आणि तिचे डोळे वर फिरले.

डायची अ‍ॅलर्जी अशी अंगावर आली की रक्तदाब खाली पडतो. माणसाला गुदमरतं, घाबरल्यासारखं होतं, उठावंसं वाटतं. नाडी धड हाती लागत नसताना तिला बसवलं तर उरलंसुरलं रक्त पायात उतरतं आणि हृदयाला पंप करायला काही उरत नाही. उठून बसल्याबरोबर गेलेली माणसं आहेत. हे आम्हाला दर वर्षी शिकवतात. मी दर वर्षी पहिल्या रांगेत बसून लिहून घेते.

मी तिला परत आडवं केलं.

“नाही,” मी म्हटलं.

“बसवा ना हो.” तिच्या बोटांनी माझ्या मनगटात नखं रोवली. “ताई, पाया पडते. बसवा.”

“नाही. आडवंच राहायचं.”

एखाद्या शब्दाचं इतकं ओझं मी कधी उचललेलं नाही. एका हातानं मी तिचा खांदा टेबलावर दाबून धरला होता आणि माझ्या मागे, बरोबर मागे, कुणीतरी उभं होतं आणि विचारत होतं, मला का नाही मग? मला तर बसायचंच होतं फक्त. मी वळले नाही. वळून चाललं नसतं. मावशींना म्हटलं, “उश्या. सगळ्या उश्या तिच्या पायाखाली.” मावशींनी उश्या लावल्या, कमी पडल्या तेव्हा स्वतःच तिचे पाय उचलून खांद्यावर घेतले आणि उभ्या राहिल्या.

सिस्टर आल्या. त्यांनी चट्टे पाहिले, काही विचारलं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, गाऊनवरूनच. तोंडावर ऑक्सिजन. दंडाला पट्टा. “वरचं प्रेशर साठ,” सिस्टर म्हणाल्या. सलाईन सोडलं.

“माझ्याकडे बघा,” मी बाईंना म्हटलं. “मी इथेच आहे. कुठे जात नाही. श्वास घ्या.” घेतला, शिट्टीसारखा. “सोडा.” मास्क धुरकटला. “घ्या. सोडा.” मधला शब्द मी म्हटला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. आधी चालत, हे मी ऐकलं. मग मावशींनी पाय खांद्यावर धरूनच दाराकडे असली हाक दिली की पावलं पळायला लागली. भूलतज्ज्ञ आत आले, टेबलाशी आले आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसरं इंजेक्शन, आणखी सलाईन. चार मिनिटं. पाच. सिस्टर आकडे बोलत होत्या. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. नव्वद.

“झोपवून ठेवलंत ते बरं केलंत,” भूलतज्ज्ञ माझ्याकडे न बघता म्हणाले. “बसवलं असतं तर...”

“हो,” मी म्हटलं.

अर्ध्या तासानं तिला अतिदक्षता विभागात न्यायला ढकलगाडी आली. ओठ अजून सुजलेले होते, पण डोळे ठिकाणावर होते. माझ्याजवळून जाताना तिनं मास्क बाजूला केला. “भारी हट्टी आहात हो तुम्ही.”

“मास्क लावा.”

“बघा. परत तेच.”

बाहेर बाकापाशी तिचा नवरा उभा होता. त्याला कुणी काही नीट सांगितलेलंच नव्हतं. नुसती माणसं पळताना दिसली होती. गाडी गेली, तिनं त्याला हात केला, डॉक्टर म्हणाले धोका टळलाय, वर या. तो हलेना. मी जवळ गेले. त्यानं मूठ उघडली. कानातल्याचे आकडे तळव्यात रुतून लाल खुणा उमटल्या होत्या. सगळं होतं. चारही पिना.

“काही म्हणाली का हो?” त्यानं विचारलं.

मी बाकाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“हो,” मी म्हटलं. “उठून बसू का, म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. पाया पडते म्हणाल्या. मी नाही म्हटलं. बसवणं धोक्याचं होतं, म्हणून. आणि त्याआधी बटण दाबायला मी जरासा उशीर केला. फार नाही. पण केला.”

मग त्याच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. “तिला नाही म्हणालात?” तो म्हणाला. “एकोणीस वर्षांत मला जमलं नाही.”

मोठ्या मॅडमनी संध्याकाळी बोलावलं. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. म्हणाल्या, “रेकॉर्ड रूमचं राहू द्या. शुक्रवारी नव्या मुली येताहेत. फोटो कसा काढायचा ते कुणीही शिकवेल. पेशंटकडे काय बघायचं, ते तुम्ही शिकवा.”

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, सीटीची खोली रिकामी असताना, मी सहा मुलींना पेटीसमोर उभं केलं. नवे कोरे पांढरे कोट, घड्या अजून मोडलेल्या नाहीत. पेटीचा दिवा नेहमीसारखा दोनदा फडफडून लागला. मी बरगड्या मोजायला सांगितल्या. त्यांनी बोटं पुढे केली.

“दहा, मॅडम,” एकीनं सांगितलं. “एकदम आदर्श फोटो आहे. जराही हलला नाही पेशंट.”

“हो,” मी म्हटलं. “यांच्या कपाळावर घाम होता. एसी चालू होता. तळवे गार होते. जबडा चोळत होते. आत येताना विनोद करत होते आणि मग बोलायचे थांबले. यातलं काही फोटोत दिसतंय का?”

मुली फोटोकडे बघायला लागल्या, जणू नीट पाहिलं तर दिसेल.

“मला म्हणाले, ताई, जरा बसू का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” सगळ्यात पुढच्या मुलीनं विचारलं.

“एकच मिनिट, म्हणाले. झालंच, म्हणाले. धरा म्हटलं, आणि फोन आला. हा फोटो त्याच वेळचा आहे. पुढचा श्वास यांनी घेतला नाही. यांच्या बायकोनं मला विचारलं, काही म्हणाले का, तर मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं.”

दिव्याचा बारीक गुंजारव ऐकू येत होता. सहाही मुली फोटोकडे बघत ताठ उभ्या होत्या, हनुवट्या वर, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांपैकी एकीचाही खांदा हलत नाहीये. पोरींनी श्वास धरला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

“सोडा,” मी म्हटलं.

सगळ्यांनी सोडला. सहा वेगवेगळे हुश्श, एकामागोमाग. आणि मग, जरा उशिरानं, आणखी एक आला. लांब, सावकाश, सीटीच्या उघड्या दारातून, काचेजवळच्या स्पीकरमधून. माईक मी बंद केला होता की नाही, ते मला आठवत नाही.

मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

“बाई, आत पेशंट आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “आत्ताच गेले.”